नवा होस्ट क्लस्टरमध्ये आला, पण शेअर्ड स्टोरेज दिसत नाही

होस्ट म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारा सर्व्हर, क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या होस्टचा गट. व्हीस्फिअर, प्रॉक्समॉक्स, ओव्हर्ट, हायपर-व्ही ही व्हीएम चालवायची निरनिराळी सॉफ्टवेअर. तक्रार एकच वाटते, पण ती निरनिराळ्या रूपांत समोर येते. आधी तुमच्याकडे कोणतं रूप आहे ते ओळखा. पुढचा निम्मा तपास त्यावरच ठरतो.

- जुन्या होस्टवरचा डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल ठेवायची जागा) नव्याच्या यादीत नाहीच, आणि स्टोरेज अ‍ॅडॅप्टरखाली डिस्कही दिसत नाही.
- डिस्क दिसते, आकारही बरोबर आहे, पण तिच्यावरचा डेटास्टोअर मात्र गायब.
- डेटास्टोअर दिसतो, पण करडा पडलेला. प्रॉक्समॉक्समध्ये असाल तर त्याच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह. ओव्हर्टमध्ये होस्ट थेट 'नॉन ऑपरेशनल' होऊन बसतो, कारण डेटा सेंटरमधलं स्टोरेज डोमेन त्याला गाठता येत नाही.
- त्याच नावाचा दुसरा डेटास्टोअर उगवतो, शेवटी कंसात एक आकडा घेऊन.
- सगळं व्यवस्थित दिसतं, पण व्हीएम नव्या होस्टवर हलवायला गेलं की व्यवहार अडतो.
- रिस्कॅन (होस्टने स्टोरेज नव्याने शोधणं) संपता संपत नाही, होस्ट बूट व्हायलाही खूप वेळ घेतो.

यात स्वतःला तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. नव्या होस्टला डिस्क किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) सर्व्हर गाठता येतो का? गाठता येत असेल तर त्यावरचा व्हॉल्यूम त्याला ओळखता येतो का? ओळखता येत असेल तर त्यावर लिहिता येतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असताना तिसऱ्याची कारणं शोधत बसलं की दिवस जातो.

सुरुवात करण्याआधी

नवा होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका. अर्धवट जोडलेल्या होस्टवर डीआरएसने (व्हीएम आपोआप होस्टांवर वाटणाऱ्या सोयीने) एखादी व्हीएम ढकलली तर तपास बाजूला राहतो आणि आग विझवावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नव्या होस्टला डिस्क दिसते पण व्हॉल्यूम दिसत नाही, तेव्हा स्क्रीनवर ती डिस्क रिकामी भासते. ती रिकामी नसते. तिच्यावर जुन्या होस्टच्या व्हीएम त्या क्षणी चालू असतात. व्हीस्फिअरमध्ये 'नवा डेटास्टोअर' बनवायचा विझार्ड, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधलं 'इनिशिअलाइझ', लिनक्सवरचं नवं फिजिकल व्हॉल्यूम, यातलं काहीही चालवू नका. सामायिक व्हीएमएफएस (व्हीस्फिअरची स्वतःची फाइल सिस्टिम) डेटास्टोअर नव्या होस्टवर 'बनवायचा' नसतोच. लन (अ‍ॅरेने, म्हणजे सामायिक स्टोरेजच्या यंत्राने, होस्टला दिलेली डिस्क) पोचलं आणि रिस्कॅन झालं की तो आपोआप चढतो. चढला नाही तर काहीतरी चुकलं आहे, आणि फॉरमॅट हा त्यावरचा इलाज नाही.

आणि जुन्या होस्टच्या सेटिंगना हात लावू नका. ते चालताहेत, म्हणजे स्टोरेज बहुधा ठणठणीत आहे. त्यांचा उपयोग ताडून पाहण्यासाठी करा: दोन खिडक्या शेजारी उघडा, एकीत चालणारा होस्ट, दुसरीत नवा, आणि प्रत्येक पायरीला फरक शोधा. या सगळ्या प्रकारात याच्याइतकं कामाला येणारं हत्यार मला दुसरं माहीत नाही.

फुकटातल्या तपासण्या

रिस्कॅन करा. हास्यास्पद वाटेल, पण अ‍ॅरेवर लन नंतर दिलं गेलं असेल तर होस्टला ते आपणहून कळेलच असं नाही. व्हीस्फिअरमध्ये क्लस्टरवर उजवी क्लिक करून संपूर्ण क्लस्टरचं रिस्कॅन करता येतं. त्यात नवी उपकरणं आणि नवे व्हीएमएफएस व्हॉल्यूम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. दोन्ही लावा. फक्त पहिली लावली तर डिस्क येते, डेटास्टोअर येत नाही, आणि माणूस उगाच दुसऱ्या लक्षणाच्या मागे लागतो. मात्र भर कामाच्या वेळी मोठ्या क्लस्टरवर पुन्हापुन्हा रिस्कॅन मारू नका. एकट्या नव्या होस्टवर केलं तरी पुरतं.

मग पाहा, हे स्टोरेज मुळात आपोआप येणाऱ्यातलं आहे का. व्हीएमएफएस आपोआप चढतो, एनएफएस नाही. व्हीस्फिअरमध्ये एनएफएस प्रत्येक होस्टवर वेगळा माउंट करावा लागतो. तो हाताने पत्ता टाइप करून करू नका. जुन्या डेटास्टोअरवर जाऊन 'अधिक होस्टवर माउंट करा' हाच पर्याय वापरा. कारण असं की, सर्व्हरचं नाव आणि फोल्डरचा मार्ग या दोन्हींवरून ईएसएक्सआय (व्हीस्फिअरचं होस्टवर चालणारं सॉफ्टवेअर) एनएफएस डेटास्टोअरची ओळख ठरवतो. जुन्या होस्टवर सर्व्हर नावाने जोडला आहे आणि नव्यावर तुम्ही आयपी टाकला, किंवा मार्गाच्या शेवटी एक तिरपी रेघ जास्त पडली, की त्याच्या लेखी ते दुसरं स्टोरेज झालं. कंसातला आकडा बहुतेक वेळा इथूनच येतो. उपाय: नवा माउंट काढा, आणि जुन्याची नोंद अक्षर न अक्षर पाहून पुन्हा जोडा. आवृत्तीही तीच ठेवा. एकच एनएफएस शेअर काही होस्टवर आवृत्ती ३ ने आणि काहींवर ४.१ ने जोडणं धोक्याचं आहे. दोघांची लॉक लावायची पद्धत वेगळी आहे, एकाचं लॉक दुसऱ्याला समजत नाही आणि डेटा बिघडू शकतो.

प्रॉक्समॉक्समध्ये गंमत उलटी आहे. तिथे स्टोरेजची व्याख्या क्लस्टरच्या सामायिक कॉन्फिगरेशनमध्ये असते, त्यामुळे नोड (म्हणजे होस्ट) जोडल्या जोडल्या नाव सगळीकडे झळकतं. नाव दिसलं म्हणजे स्टोरेज पोचलं असं नाही. आधी त्या व्याख्येत नोडची मर्यादा घातली आहे का ते पाहा. कुणीतरी पूर्वी तीन नोड निवडून ठेवलेले असतात, चौथा त्यात नसतो. आणि 'शेअर्ड' ही खूण लावल्याने काहीही शेअर्ड होत नाही. ती फक्त प्रॉक्समॉक्सला सांगते की हे सगळ्या नोडवर एकच आहे, हे गृहीत धर. स्थानिक डिस्कवर ती खूण लावून व्हीएम हलवणारे लोक मी पाहिले आहेत. डिस्क जागेवरच राहते, व्हीएम पलीकडे जाऊन उघडी पडते.

नेटवर्क: पाच मिनिटांत कळतं

आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) आणि एनएफएसच्या बाबतीत घोडं बहुधा इथेच पेंड खातं.

स्टोरेजचा पत्ता पिंग करा, पण स्टोरेजच्या इंटरफेसमधूनच. ईएसएक्सआयवर व्हीएमकेपिंग वापरा आणि कोणत्या व्हीएमकर्नल पोर्टमधून (होस्टच्या स्वतःच्या नेटवर्क इंटरफेसमधून) जायचं ते सांगा. न सांगता केलेलं पिंग व्यवस्थापनाच्या नेटवर्कमधून राउटरवरून फिरून पोचतं, तुम्हाला उत्तर येतं आणि तुम्ही नेटवर्कला निर्दोष ठरवता. एनएफएसमध्ये हाच घोळ जास्त फसवा असतो. एक्सपोर्टच्या यादीत नव्या होस्टचा स्टोरेजचा आयपी घातलेला असतो, पण वाहतूक व्यवस्थापनाच्या आयपीवरून निघते, आणि सर्व्हर 'परवानगी नाही' म्हणतो. तुम्ही यादी दहादा तपासता, ती बरोबरच असते. सर्व्हरच्या लॉगमध्ये नाकारलेला पत्ता कोणता आहे ते एकदा पाहिलं की प्रकरण मिटतं.

पिंग मुळीच जात नसेल तर स्विचचा पोर्ट पाहायला सांगा. नव्या सर्व्हरच्या पोर्टवर स्टोरेजचा व्हीलॅन (स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) ट्रंकमध्ये घालायचा राहिला, हे कारण वारंवार निघतं. पिंग जात असेल तर पोर्ट क्रमांक उघडे आहेत का ते पाहा: आयस्कझीला ३२६०, एनएफएसला २०४९, आणि एनएफएस ३ असेल तर १११ शिवाय माउंटसाठीचे पोर्टही. मधल्या फायरवॉलमध्ये जुन्या होस्टचे पत्ते एकेक करून लिहिलेले असतात, पूर्ण सबनेट नव्हे.

आता एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. याला जरा वेळ द्या, कारण याची लक्षणं दुसऱ्याच कुणावर खापर फोडतात. लॉगिन होतं, टार्गेट (डिस्क देणारी बाजू) सापडतं, कधी डिस्कही दिसते, कारण त्या सगळ्या बोलण्यातली पाकिटं लहान असतात. मग होस्ट व्हॉल्यूम वाचायला जातो, मोठी पाकिटं निघतात आणि मध्येच कुठेतरी गडप होतात. रिस्कॅन अडकतं, डेटास्टोअर येतो-जातो, आणि सगळे अ‍ॅरेकडे बोट दाखवतात. तपासायची रीत अशी: पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून ८९७२ बाइटचं पिंग पाठवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. साधं पिंग जातं आणि हे जात नाही, तर उत्तर सापडलं. एमटीयू व्हर्च्युअल स्विचवर, व्हीएमकर्नल पोर्टवर, खऱ्या स्विचवर आणि अ‍ॅरेवर, अशा चारही ठिकाणी जुळावा लागतो. नव्या होस्टवर लोक व्हीएमकर्नल पोर्टचा बदलतात आणि व्हर्च्युअल स्विचचा १५०० च राहतो.

आयस्कझीला पोर्ट बाइंडिंग (ठरावीक व्हीएमकर्नल पोर्ट आयस्कझीला बांधून देणं) वापरत असाल तर प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टला एकच सक्रिय अपलिंक (स्विचकडे जाणारं नेटवर्क कार्ड) हवी, बाकीच्या 'स्टँडबाय' नव्हे तर 'न वापरलेल्या' गटात. चॅप (आयस्कझी लॉगिनची पासवर्डची सोय) लावलेलं असेल तर गुपित पुन्हा टाइप करा, कॉपी-पेस्टमध्ये मागे चिकटलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही.

ओळखपत्र: अ‍ॅरे या होस्टला ओळखतो का

नेटवर्क चांगलं आहे आणि तरी लन येत नाही, तर अ‍ॅरेला हा होस्ट माहीत नाही, किंवा चुकीच्या नावाने माहीत आहे. आयस्कझीत ओळख म्हणजे आयक्यूएन, फायबर चॅनलमध्ये (स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) डब्ल्यूडब्ल्यूपीएन. होस्टवरची ओळख कॉपी करा, अ‍ॅरेवरच्या होस्ट गटात ती जशीच्या तशी आहे का ते ताडा. फायबरमध्ये नोडचं नाव आणि पोर्टचं नाव सारखंच दिसतं, एखाद-दुसऱ्या अंकाचा फरक असतो. मॅपिंग (कोणतं लन कोणाला) आणि झोनिंगला (कोणत्या पोर्टने कोणाशी बोलायचं याच्या स्विचवरच्या नियमांना) पोर्टचं नाव द्या. एचबीए (होस्टला स्टोरेजशी जोडणारं) कार्ड बदललं असेल तर ओळखही बदललेली असते, हे हार्डवेअरवाले कळवायला विसरतात.

एक खास प्रकार सांगण्यासारखा आहे. नवा होस्ट जुन्याच्या इमेजवरून क्लोन केलेला असेल तर दोघांचा आयक्यूएन एकच निघू शकतो. लिनक्सवर तो इनिशिएटरच्या (डिस्क मागणाऱ्या बाजूच्या) नावाच्या छोट्या फाइलमध्ये असतो आणि इमेजबरोबर निमूट प्रवास करतो. मग नवा होस्ट लॉगिन करतो तेव्हा टार्गेटला वाटतं की जुनाच परत आला, आणि तो जुन्याचं सत्र तोडतो. जुना परत लॉगिन करतो, नव्याचं तुटतं. नवा होस्ट जोडल्यापासून एखादा जुना होस्ट स्टोरेजबद्दल कुरकुरायला लागला असेल तर सगळ्यात आधी हे पाहा, आणि तपास पूर्ण होईपर्यंत नव्याचं आयस्कझी बंद करून ठेवा. अशा प्रसंगी नव्या होस्टचा दोष जुन्याच्या अंगावर दिसतो.

लन देताना ते होस्ट गटालाच द्या, सुट्या होस्टला नको. सुटं दिलं की नव्या होस्टवर त्याच लनला वेगळा क्रमांक पडतो. काही आवृत्त्या तो फरक पचवतात, काही नाही, आणि पुढे कुणालाही हिशेब लागत नाही. गटातला होस्टचा प्रकार, म्हणजे व्हीएमवेअर, विंडोज की लिनक्स, तोही बघा. चुकीच्या प्रकाराने लन दिसतं, पण मार्ग बदलताना धिंगाणा होतो.

एनएफएसमध्ये ओळखीचं दुसरं टोक म्हणजे परवानग्या. ईएसएक्सआय एनएफएस ३ वर रूट म्हणूनच बोलतो. एक्सपोर्टवर रूट स्क्वॅश (रूटचे अधिकार काढून घेणारी सेटिंग) चालू राहिलं तर बऱ्याचदा माउंट यशस्वी होतो, यादीही दिसते, आणि व्हीएम सुरू करताना परवानगीची चूक येते. ओव्हर्टमध्ये शेअरची मालकी ३६:३६ असावी लागते.

झोनिंग आणि केबल

फायबर चॅनलमध्ये आधी पाहा की एचबीएची लिंक वर आहे का आणि स्विचच्या नेम सर्व्हरमध्ये होस्टचा पोर्ट लॉगिन झालेला दिसतो का. तिथेच नसेल तर झोनिंगची चर्चा व्यर्थ आहे. केबल, ट्रान्सीव्हर, वेग यांच्याकडे वळा. फायबरच्या टोकांवर धूळ बसते. ते साफ करण्याचं साधन वापरा, शर्टाची बाही नव्हे.

लॉगिन आहे आणि लन नाही, तर झोन. झोन लिहून सेव्ह केला पण सक्रिय केलाच नाही, हे नेहमीचं. दोन फॅब्रिक (फायबर स्विचची स्वतंत्र जाळी) असतील तर दोन्हींवर पाहा. एकावरच झोन केला तर डेटास्टोअर येतो, सगळे खूश होऊन घरी जातात, आणि पुढच्या स्विच अपग्रेडला तो एकटा होस्ट आंधळा होतो. म्हणून मार्गांची संख्या जुन्या होस्टशी ताडून पाहा. जुन्यावर चार आणि नव्यावर दोन असतील तर काम झालेलं नाही. झोनच्या सेटमध्ये बदल सक्रिय करण्याचा अधिकार आणि सराव तुमच्याकडे नसेल तर स्टोरेजवाल्यांकडून करून घ्या. चुकीचा सेट सक्रिय झाला तर सगळे होस्ट एकदम पडतात.

डिस्क दिसते, व्हॉल्यूम नाही

आता खरी सावधगिरी.

ईएसएक्सआय कधीकधी लनला मूळ व्हॉल्यूमची प्रत समजतो, कारण व्हॉल्यूमवर लिहिलेली डिस्कची ओळख आणि समोर दिसणारी ओळख जुळत नाही. अशा वेळी विझार्ड तीन पर्याय देतो: जुनी सही ठेवा, नवी सही द्या, किंवा फॉरमॅट करा. तिसरा म्हणजे सर्वनाश. दुसऱ्याने व्हॉल्यूमची ओळख कायमची बदलते, आणि त्यावरच्या व्हीएमची नोंद पुन्हा करावी लागते. बाकीचे होस्ट तोच व्हॉल्यूम वापरत असताना हा पर्याय नकोच. पहिला कधीकधी बरोबर असतो, पण आधी 'नव्यालाच ही प्रत का वाटते?' याचं उत्तर मिळायला हवं. बहुतेक वेळा ते अ‍ॅरेवर असतं: मॅपिंग वेगळं आहे, किंवा खरोखरच प्रतिकृतीचं लन चुकून दिलं गेलं आहे.

आवृत्तीही पाहा. व्हीएमएफएस ६ हा ईएसएक्सआय ६.५ पासून आला. त्याआधीच्या होस्टला तो वाचता येत नाही. जुनं सर्व्हर हाताशी आहे म्हणून क्लस्टरला जोडताना हे डोक्यातून निसटतं.

लिनक्सवर मल्टिपाथची (एकाच लनकडचे अनेक मार्ग एकत्र करणारी) सेवा चालू आहे का ते पाहा. नसेल तर एकच लन चार वेगवेगळ्या डिस्क म्हणून दिसतं आणि एलव्हीएम (लिनक्सची व्हॉल्यूम सांभाळणारी यंत्रणा) एकाच व्हॉल्यूमच्या अनेक प्रतींबद्दल तक्रार करतं. एलव्हीएमची गाळणी, किंवा नव्या वितरणांतली उपकरणांची फाइल, यात ती डिस्क नसेल तर तीही दिसणार नाही. ही फाइल प्रत्येक होस्टची स्वतंत्र असते.

हायपर-व्हीमध्ये सावध राहायची जागा निराळी आहे. क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम नव्या नोडवर दिसतो आणि चालतोही, पण डिस्कपर्यंत थेट मार्ग नसेल तर वाहतूक नेटवर्कवरून दुसऱ्या नोडमार्फत जाते. बाहेरून सगळं बरं, आतून संथ. गेट-क्लस्टरशेअर्डव्हॉल्यूमस्टेट चालवून नव्या नोडपुढे 'डायरेक्ट' लिहिलं आहे का ते वाचा. आणि क्लस्टर व्हॅलिडेशनमधल्या स्टोरेजच्या चाचण्या चालू व्हीएम असलेल्या डिस्कवर चालवू नका, त्या डिस्क ऑफलाइन नेतात.

मर्यादा आणि जुन्या होस्टवरची विसरलेली सेटिंग

हे प्रकार कमी, पण सापडायला कठीण. ईएसएक्सआयच्या बऱ्याच आवृत्त्यांत एनएफएस डेटास्टोअरची मर्यादा मुळात ८ असते. कुणीतरी फार पूर्वी जुन्या होस्टवर ती वाढवलेली असते, नव्यावर ती ८ च असते, आणि आठ माउंट होऊन नववा अडतो. लनचीही कमाल असते: ६.० मध्ये २५६, ६.५ मध्ये ५१२, ६.७ मध्ये १०२४.

बूट आणि रिस्कॅन फार लांबत असेल आणि विंडोज क्लस्टरसाठी थेट जोडलेली लन असतील, तर त्यांवर 'कायम आरक्षित' ही खूण नव्या होस्टवरही लावावी लागते. ती प्रत्येक होस्टवर वेगळी असते. नाही लावली तर होस्ट प्रत्येक आरक्षित लनपुढे थांबून राहतो.

दिसलं म्हणून झालं असं नाही

मेंटेनन्स मोड काढण्याआधी डेटास्टोअरवर एक छोटी फाइल लिहून पुसा. नंतर एक बिनमहत्त्वाची व्हीएम नव्या होस्टवर हलवून परत आणा. मग होस्ट एकदा रीबूट करा. लिनक्सवर हाताने केलेलं माउंट किंवा आयस्कझी लॉगिन 'आपोआप सुरू' वर ठेवलेलं नसेल तर ते इथेच उघडं पडतं. एरवी ते सहा महिन्यांनी, वीज गेल्यावर उघडं पडलं असतं. शक्य असेल तर एक केबल काढून मार्ग बदलतो का तेही पाहा.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका, स्टोरेजच्या तज्ज्ञाला किंवा उत्पादकाच्या सपोर्टला बोलवा: जुन्या होस्टवरही मार्ग तुटू लागले, एखादं लन कायमचं गेल्याची नोंद लॉगमध्ये आली, व्हॉल्यूमची मेटाडेटा बिघडल्याचा निरोप आला, अ‍ॅरेवर कंट्रोलर किंवा डिस्कची लाल खूण दिसते, किंवा कुणीतरी आधीच फॉरमॅट अथवा इनिशिअलाइझ दाबलं आहे. शेवटच्या बाबतीत त्या लनवर लिहिणारं सगळं थांबवा, होस्ट रीबूट करू नका, रिस्कॅन करू नका, आणि बॅकअप कधीचा आहे ते आधी शोधा. डेटा परत मिळण्याची शक्यता त्यानंतर किती लिहिलं गेलं यावर असते.

कॉल करताना नव्या आणि एका चालणाऱ्या जुन्या होस्टचा लॉग संच, दोघांच्या मार्गांची यादी, अ‍ॅरेवरच्या होस्ट गटाचा स्क्रीनशॉट आणि स्विचवरचा सक्रिय झोन सेट सोबत द्या. फक्त नव्या होस्टचे लॉग दिले तर पहिला प्रश्न 'जुन्यावर काय दिसतं?' असाच येतो.